तिरकी तुळई आणि टेकू

‘परसातला लाकडी ओटा फूटभरच उंच, तिरकी तुळई शेजारच्या तुळईला खिळ्यांनी ठोकली की पुरे’ हा समज जुना आहे. पण उंची कमी म्हणून वजन घटत नाही. टेकू नसेल तर ते सगळं खिळ्यांवर येतं, आणि तुळईच्या टोकाकडून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने शिरलेला खिळा लवकर पकड सोडतो.

खांब सांध्याखालीच द्या. दोन्ही तुळया त्यावर किमान दीड-दीड इंच टेकाव्यात. तिरक्या तुळईच्या टोकाचा ४५ अंशांतला काप सरळ कापाच्या सुमारे १.४ पट लांब, म्हणून खांबाचा माथा रुंद हवा. खानदेशातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; नुसत्या फरशीवर खांब नकोच, पाया मुरमापर्यंत न्या.

जुना ओटा तपासायचा? सांध्यावर पेन्सिलीने आडवी रेघ मारा, एकाला वर उभं करा. रेघ तुटली, तर सांधा सरकतोय.