चाळीस खेळाडू, एक रविवार आणि स्विस लीग

पहिल्याच फेरीत हरलेल्या खेळाडूचं पुढे काय करायचं, हा बुद्धिबळ स्पर्धा आखणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न. बाद पद्धतीत तो सरळ घरी जातो. २०२५मध्ये गोव्यात झालेल्या विश्वचषकात २०६ खेळाडू होते आणि फेऱ्या आठ. वरच्या ५० मानांकितांना पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न खेळताच पुढे चाल होती. उरलेल्या १५६ जणांपैकी ७८ तिथेच बाद, दुसऱ्या फेरीत आणखी ६४. विश्वचषकाला हे शोभतं. पण क्लबच्या स्पर्धेत निम्मी मुलं सकाळी दहालाच रिकामी झाली, तर पुढच्या वर्षी प्रवेश फी कोण भरेल? प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घालणारी साखळी घ्यावी, तर ४० खेळाडूंच्या ७८० लढती होतात.

१८९५मध्ये झुरिकच्या एका स्पर्धेत वापरलेली स्विस पद्धत इथे कामी येते. बाद कुणीच होत नाही, समान गुणवाल्यांची आपापसात गाठ पडते आणि तीच जोडी पुन्हा लागत नाही. पहिल्या फेरीसाठी रेटिंगप्रमाणे यादी लावून ती मधोमध तोडायची : पहिला विरुद्ध एकविसावा, दुसरा विरुद्ध बाविसावा. पुढे प्रत्येक गुणगटात हेच. एकाच रंगाची मोहरी सलग तीनदा देऊ नयेत. खेळाडू विषम असतील, तर तळच्या गटातल्या एकाला बाय आणि एक गुण, पण एकाला एकदाच.

फेऱ्या किती? बरोबरी झालीच नाही असं धरलं, तर सर्व डाव जिंकलेले दर फेरीनंतर साधारण निम्मे उरतात : ४०, २०, १०, ५, ३, २, १. म्हणजे विजेत्यासाठी सहा. दुसरा-तिसरा नीट लागावा म्हणून सातवी. जास्त फेऱ्यांनी निकाल अधिक अचूक होतो, हा गैरसमज. १६ जणांत नऊ फेऱ्या ठेवल्या, की आघाडीवाले आपापसात खेळून संपतात आणि शेवटी कुणाला तरी तळातला सोपा प्रतिस्पर्धी मिळतो.

प्रत्येक खेळाडूला वेळ १० मिनिटं अधिक दर चालीला ५ सेकंद ठेवली, तर ६० चालींचा डाव फार तर अर्ध्या तासात संपतो. दर ४५ मिनिटांनी फेरी लावा. साडेनऊला सुरुवात आणि जेवणाला एक तास धरला, तर पावणेचारला सातवी फेरी आटोपते.

खरी भांडणं टायब्रेकवरून, म्हणजे समान गुणवाल्यांचा क्रम कसा लावायचा यावरून होतात. बुखोल्झ या टायब्रेकमध्ये आपल्या सर्व प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज धरतात. पहिल्या फेरीत मुद्दाम बरोबरी करून अर्धा गुण सोडून सोप्या वाटेने वर येणाऱ्याला ती बरोबर पकडते, कारण त्याचे प्रतिस्पर्धी कमी गुणांचे असतात. पण तुमच्याशी हरलेला मुलगा जेवणानंतर न सांगता निघून गेला, तर त्याचे गुण तिथेच थांबतात आणि फटका तुम्हाला बसतो. म्हणून सर्वांत कमी गुणांचा एक प्रतिस्पर्धी वगळणारं ‘कट १’ आधी लावावं, आणि टायब्रेकचा क्रम पहिल्या फेरीपूर्वीच भिंतीवर चिकटवावा.

शेवटच्या फेरीत पहिल्या पटावर दहा-बारा चालींत बरोबरी ठरवून हात मिळवले जातात. ‘३० चालींआधी बरोबरी नाही’ हा नियम जलद स्पर्धेत कागदावरच राहतो : चाली लिहिलेल्या नसतात, आणि तीच स्थिती तीनदा आणून, म्हणजे नियमानेच बरोबरी मिळवून, दोघं मोकळे होतात. त्यापेक्षा विजयाला १ आणि बरोबरीला अर्ध्याऐवजी विजयाला ३, बरोबरीला १ गुण ठेवावा. मग एक गुण मागे असलेलाही पहिला नंबर हिसकावू शकतो आणि हात मिळवणं परवडत नाही.