अपिलात शिक्षा वाढतच नाही?

‘अपिलात गेलं की शिक्षा कमीच होते, वाढत कधीच नाही.’ कोल्हापुरात हे वर्षानुवर्षं ऐकतोय. साफ खोटं आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईत कार्टर रोडवर दारू पिऊन गाडी चालवत फुटपाथवर झोपलेल्या ७ मजुरांचा जीव घेणाऱ्याला खालच्या कोर्टानं अवघे ६ महिने दिले होते. उच्च न्यायालयानं ३ वर्षं केली, कारण कलमच बदललं: नुसता निष्काळजीपणा नव्हे, सदोष मनुष्यवध (म्हणजे जीव जाऊ शकतो हे माहीत असूनही केलेलं कृत्य). २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम ठेवलं.

मात्र निव्वळ शिक्षा कमी वाटते म्हणून अपील करायचा हक्क सरकारचा. मृताच्या वारसांना हलक्या कलमाखाली दोषी ठरवल्याविरुद्ध किंवा भरपाई अपुरी असल्यास अपील करता येतं. म्हणून निकालाची प्रत मिळताच सरकारी वकिलांना गाठा. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरातच आहे, त्यासाठी मुंबईला हेलपाटे नकोत.