कागदावर न मावणारं औषध

अंगठ्याच्या पेराएवढी एक प्लास्टिकची कुपी. आत जेमतेम एक मिलिलिटर गोठलेला द्रव आणि त्यात सुमारे एक कोटी पेशी. सगळ्या एकाच पेशीच्या वंशातल्या. हा वंश मुळात चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या लहानशा प्राण्याच्या बीजांडकोशातला. १९५७ साली अमेरिकेत थिओडोर पक यांनी तो वेगळा करून वाढवला. आज कॅन्सर आणि संधिवातावर दिल्या जाणाऱ्या बऱ्याचशा अँटिबॉडी, म्हणजे प्रथिनांची औषधं, याच वंशाच्या पेशी तयार करतात.

एका देशातली कंपनी आपली अँटिबॉडी दुसऱ्या देशातल्या कंपनीकडे बनवायला देते, तेव्हा ही कुपी प्रवासाला निघते. दुधाच्या कॅनसारखं दिसणारं एक पिंप असतं, त्याच्या आतल्या भिंतींनी द्रव नायट्रोजन शोषून घेतलेला असतो. आतलं तापमान उणे १५० अंशांच्या खाली राहतं आणि सोबतचं यंत्र त्याची सतत नोंद ठेवतं. पिंपाची मुदत साधारण दहा दिवसांची. तेवढ्यात विमान, कस्टम्स, ट्रक हे सगळं पार करून कुपी पलीकडच्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत उतरली पाहिजे. तिथे ती वितळवतात. पेशी आधी छोट्या फ्लास्कमध्ये वाढतात, मग मोठ्या, मग त्याहून मोठ्या भांड्यात, आणि काही आठवड्यांनी दोन हजार लिटरच्या टाकीत.

औषध कंपन्यांमधल्या आंतरराष्ट्रीय करारांच्या बातम्या येतात त्या डॉलरच्या आकड्यांसह. मला त्या आकड्यांपेक्षा या कुपीत जास्त रस आहे. करारात नेमकं काय दिलं आणि काय घेतलं जातं, ते तिच्याकडे पाहिलं की कळतं. आणि नुसती कुपी पोचूनही भागत नाही, हेही कळतं.

अ‍ॅस्पिरिनच्या रेणूत २१ अणू असतात. त्याची रचना कागदाच्या चिठोऱ्यावर काढता येते. जगात कुठेही, कुणीही तो बनवला तरी रेणू तोच निघतो आणि तो तोच आहे हे तपासून सिद्धही करता येतं. जेनेरिक औषधांचा सगळा व्यवसाय या साध्या गोष्टीवर उभा आहे. अँटिबॉडीत मात्र वीस हजारांच्या आसपास अणू असतात. वर तिच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात. त्या पेशीने कशा जोडाव्यात हे टाकीतलं तापमान, आम्लता, ऑक्सिजन, इतकंच काय, खाद्यातल्या किंचितशा मँगनीजवरही ठरतं. त्यामुळे एकाच टाकीतून निघालेले सगळे रेणूही हुबेहूब सारखे नसतात. ती भावंडं असतात. चेहरेपट्टी एक, बारकावे वेगळे. साखळ्या बदलल्या तर औषध शरीरात किती दिवस टिकतं आणि रोगप्रतिकारक पेशींना किती जोराने जागं करतं, हेही बदलू शकतं. म्हणून या क्षेत्रात एक वाक्य सतत कानावर पडतं: प्रक्रिया हेच उत्पादन.

हे वाक्य किती खरं आहे, ते किडनीच्या रुग्णांना फार मोठी किंमत मोजून कळलं. एरिथ्रोपोएटिन हे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं संप्रेरक जनुकीय तंत्राने बनवून त्यांना टोचलं जातं. अशा एका औषधात रेणू टिकून राहावा म्हणून मानवी रक्तातलं अल्ब्युमिन घातलेलं असे. रक्तातून रोग पसरू नयेत या काळजीपोटी १९९८ मध्ये युरोपात ते काढून त्याजागी पॉलिसॉर्बेट ८० हा पदार्थ आला. मुख्य रेणूला कुणी हात लावला नव्हता. पण पुढच्या काही वर्षांत अनेक रुग्णांच्या शरीराने या औषधाविरुद्धच प्रतिद्रव्यं तयार केली. ती शरीराच्या स्वतःच्या एरिथ्रोपोएटिनवरही तुटून पडली आणि अस्थिमज्जेत तांबड्या पेशी तयार होणंच थांबलं. नेमकं कारण काय यावर शास्त्रज्ञ बराच काळ वाद घालत राहिले. सिरिंजच्या रबरी बुचातून झिरपणाऱ्या द्रव्यांवरही संशय गेला. औषधाच्या कारखान्यात ‘किरकोळ बदल’ असं सहज कुणाला म्हणता येत नाही, ते यामुळे.

मग अख्खा कारखानाच दुसऱ्या खंडात हलवायचा तर? नव्या जागचं पाणी, नव्या टाकीचा आकार, ती ढवळणाऱ्या पंख्याचा वेग, नवी माणसं. नियामक संस्था म्हणतात, दोन्हीकडचं औषध पुरेसं सारखं आहे हे आम्हाला दाखवा. युरोप, अमेरिका आणि जपान यांच्या नियामकांनी आणि उद्योगांनी १९९० मध्ये एकत्र येऊन आयसीएच नावाची व्यवस्था उभी केली. तिने २००४ मध्ये ही तुलना कशी करावी याचे नियम घालून दिले. ऐकायला ही गोष्ट रुक्ष वाटते. पण माझ्या मते आंतरराष्ट्रीय सहकार्यातलं सर्वात मोलाचं काम अशाच रुक्ष कागदांमध्ये झालेलं आहे. तीन ठिकाणचे अधिकारी एकच पुरावा मान्य करायला लागले, की त्याच चाचण्या तीनदा कराव्या लागत नाहीत.

करारांची आर्थिक बाजू थोडक्यात सांगून पुढे जाऊ. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दर दहा औषधांपैकी नऊच्या आसपास बाजारात येतच नाहीत. एवढी जोखीम एकट्याने पेलणं छोट्या कंपनीला शक्य नसतं. म्हणून मोठी कंपनी आधी काही रक्कम देते, मग प्रत्येक टप्पा पार पडला की पुढची, आणि विक्री सुरू झाली की रॉयल्टी. बातमीत छापून येणारा प्रचंड आकडा बहुधा सगळे टप्पे पार पडले तरच हाती पडणारा असतो.

पैशांहून अवघड असते ती माणसाच्या हातातली विद्या पलीकडे पोचवणं. त्याचं पहिलं मोठं उदाहरण पेनिसिलिनचं. १९४१ च्या जुलैमध्ये हॉवर्ड फ्लोरी आणि नॉर्मन हीटली हे ऑक्सफर्डचे दोन शास्त्रज्ञ बुरशीचे नमुने घेऊन अमेरिकेत उतरले. युद्ध चालू होतं आणि ब्रिटनमधल्या कारखान्यांना या कामासाठी उसंत नव्हती. फ्लोरी कंपन्यांचे उंबरठे झिजवत फिरले आणि हीटली इलिनॉयमधल्या पिओरिया गावच्या सरकारी प्रयोगशाळेत थांबले. बुरशी कशी जपायची, कधी काढायची, हे तिथल्या लोकांना त्यांनी शेजारी उभं राहून शिकवलं. पिओरियावाल्यांकडे त्यांची स्वतःची विद्या होती. मक्यापासून स्टार्च काढताना उरणारं पाणी त्यांनी बुरशीला खाऊ घातलं आणि उत्पादन कित्येक पटींनी वाढलं. ऑक्सफर्डमध्ये बुरशी उथळ भांड्यांत पृष्ठभागावर वाढवत; अमेरिकेत ती हवा सोडलेल्या खोल टाक्यांत बुडवून वाढवायला लागले. सायट्रिक अ‍ॅसिड बनवताना किण्वनात हात बसलेल्या फायझरने १ मार्च १९४४ रोजी ब्रुकलिनमधल्या एका जुन्या बर्फाच्या कारखान्यात अशा टाक्या चालू केल्या.

या कथेत एक सलही आहे. ऑक्सफर्डच्या गटाने पेनिसिलिनवर पेटंट घेतलं नव्हतं. पिओरियाचे अँड्र्यू मॉयर यांनी मात्र उत्पादनाच्या पद्धतींवर पेटंटं घेतली. हीटलींसोबत केलेल्या कामाचा निबंधही त्यांनी एकट्याच्या नावावर छापला. सहकार्याचे नियम आधी लिहून ठेवले पाहिजेत, हे मला या प्रसंगावरून कोणत्याही वकिलाच्या सल्ल्यापेक्षा जास्त पटतं.

आता ज्या उदाहरणाने मला या विषयाची ओढ लावली त्याकडे येतो.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेच्या मध्यातून एक पट्टा जातो. कोरड्या, धुळीच्या ऋतूत तिथे मेंदूज्वराच्या साथी यायच्या. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून जास्त लोक आजारी पडले, २५ हजारांहून अधिक दगावले. कारण मुख्यतः एकच: ‘मेनिन्गोकोकस ए’ हा जिवाणू. त्यावर जुनी लस होती, पण ती त्या जिवाणूच्या अंगावरच्या शर्करेची बनलेली. नुसती शर्करा लहान बाळांच्या शरीराला नीट ओळखता येत नाही आणि मोठ्यांनाही तिची आठवण फार काळ राहत नाही. उपाय माहीत होता. तीच शर्करा एखाद्या प्रथिनाला जोडायची. मग प्रथिन ओळखणाऱ्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार, मदतीला येतात आणि शरीर शर्करेलाही नीट लक्षात ठेवतं. अशी जोड-लस बनवायला अवघड आणि महाग. बड्या कंपन्यांना त्या पट्ट्यातल्या गरीब देशांच्या बाजारात रस नव्हता.

२००१ मध्ये पाथ ही जागतिक आरोग्यावर काम करणारी ना-नफा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी गेट्स फाउंडेशनच्या पैशांवर एक प्रकल्प सुरू केला. आधी त्यांनी आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारलं, तुम्हाला किती परवडेल? उत्तर आलं, डोसमागे अर्ध्या डॉलरच्या आत. बाकी सगळं त्या आकड्यावरून उलटं आखलं गेलं. शर्करा आणि प्रथिन जोडण्याची सुटसुटीत, जास्त उतारा देणारी पद्धत अमेरिकेची औषध-नियामक संस्था एफडीए हिच्या बेथेस्डा इथल्या प्रयोगशाळेत चे-हंग रॉबर्ट ली आणि कार्ल फ्रॅश यांनी शोधली होती. ती परवान्याने पाथकडे आली आणि तिथून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे. सुरुवातीची शर्करा अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कंपनीने पुरवली. ती ज्याला जोडायची ते धनुर्वाताचं प्रथिन सीरमकडे आधीपासूनच बनत होतं. पुण्याचे शास्त्रज्ञ बेथेस्डाला जाऊन ती रसायनक्रिया स्वतःच्या हाताने करून शिकले. मग प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रातली क्रिया कारखान्याच्या भांड्यात उतरवायला त्यांना वेगळे कष्ट घ्यावे लागले. चाचण्या भारतात आणि आफ्रिकेतल्या देशांत झाल्या.

६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये ‘मेनआफ्रीव्हॅक’ नावाची ही लस टोचायला सुरुवात झाली. सुरुवातीची किंमत अर्ध्या डॉलरच्या आतच होती. पुढे या लसीला आणखी एक परवानगी मिळाली: शेवटच्या टप्प्यात, जिथे फ्रीज नाही तिथे, ती चाळीस अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस नेता येईल. बेनिनमध्ये २०१२ साली तशी ती नेलीही. पुढच्या काही वर्षांत त्या पट्ट्यातल्या तीस कोटींहून जास्त लोकांना ही लस मिळाली आणि २०१७ नंतर तिथे या जिवाणूच्या मेंदूज्वराचा एकही खात्रीशीर रुग्ण सापडलेला नाही. यातला कोणताही एक भागीदार एकट्याने हे करू शकला नसता.

साखळी लांब झाली की तिच्यात कमकुवत कडी लपण्याची भीतीही वाढते. डुकरांच्या आतड्यांपासून काढलं जाणारं हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध. २००८ मध्ये अमेरिकेत ते दिलेल्या डायलिसिसच्या रुग्णांचा रक्तदाब अचानक कोसळू लागला, काही दगावले. चीनमधून आलेल्या कच्च्या मालात सल्फेट जादा चढवलेलं काँड्रॉइटिन मिसळलेलं निघालं. नेहमीच्या तपासण्यांत ते हेपरिनसारखंच दिसे. अखेर चुंबकीय अनुनादावर चालणाऱ्या उपकरणाने भेसळ उघडी पाडली आणि जगभरच्या तपासणीच्या पद्धती बदलल्या. भागीदारावर विश्वास ठेवायचा म्हणजे त्याचा पुरवठादार, आणि त्या पुरवठादाराचाही पुरवठादार प्रत्यक्ष जाऊन पाहायचा.

कोविडच्या वेळी हे सगळं घाईच्या वेगाने पाहायला मिळालं. जर्मनीची बायोएनटेक आणि अमेरिकेची फायझर २०१८ पासून फ्लूच्या एमआरएनए लसीवर एकत्र काम करत होत्या. एमआरएनए म्हणजे पेशीला एखादं प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू. त्यामुळे मार्च २०२० मध्ये त्यांना एकमेकांची ओळख करून घ्यावी लागली नाही. सविस्तर व्यावसायिक करार पूर्ण होण्याआधीच काम सुरू झालं. एमआरएनए ज्या मेदाच्या कणांत गुंडाळतात त्यांचं तंत्र कॅनडातल्या अ‍ॅक्युइटासचं. ते गुंडाळणं घडतं नाण्याएवढ्या मिश्रकात: एका बाजूने अल्कोहोलमध्ये विरघळलेले मेद, दुसऱ्या बाजूने पाण्यातला एमआरएनए, दोन्ही धारा वेगाने एकमेकींवर आदळतात आणि त्या क्षणी कण तयार होतात. मिश्रक मोठा केला तर कण बिघडायची भीती, म्हणून फायझरने मोठा न करता तसेच अनेक मिश्रक शेजारी शेजारी लावले. या लसीला १९ देशांतल्या ८६ पुरवठादारांकडून २८० प्रकारची सामग्री लागते, असं फायझरचे प्रमुख अल्बर्ट बुर्ला यांनी तेव्हा सांगितलं होतं.

त्याच काळात मॉडर्नाने जाहीर केलं, की साथ चालू असेपर्यंत आम्ही आमची कोविड पेटंटं कुणावर लादणार नाही. लशीच्या जनुकीय अक्षरांचा क्रमही उघड झाला होता. म्हणजे कागद खुला होता. तरीही मॉडर्नाची लस दुसऱ्या कुणी बनवून विकायला काढली नाही, कारण शिकवायला कुणी येणार नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनच्या अफ्रिजेन या छोट्या कंपनीवर अशी लस बनवून इतरांना शिकवायचं काम सोपवलं. विद्यापीठांतल्या संशोधकांना विचारत, छापील निबंध चाळत, चुकत-माकत त्यांनी २०२२ च्या सुरुवातीला प्रयोगशाळेपुरती लस तयार केली. अर्जेंटिना, ब्राझील, सेनेगल, भारत, बांगलादेश, व्हिएतनाम अशा पंधरा देशांमधले भागीदार आता या कार्यक्रमात आहेत. कार्यपद्धतीची कागदपत्रं त्यांना पाठवली जातातच, पण त्यांचे तंत्रज्ञ केप टाउनला जाऊन त्याच टेबलांशी उभे राहून काम शिकतात.