जुगाराची गोळी नेमकी कोणती?

व्यसनमुक्तीसाठी डॉक्टरांकडे येणाऱ्या कुटुंबांची एक मागणी ठरलेली असते : ‘दारूची जशी गोळी असते, तशी जुगाराची द्या.’ मटका, क्रिकेटवरचा सट्टा किंवा मोबाइलवरची पैशांची रमी यांपायी घर कर्जात बुडालेले असताना ही मागणी समजण्यासारखी आहे. मात्र मानसोपचारतज्ज्ञ अशा रुग्णाला औषध देतात तेव्हा चिठ्ठीवर बहुधा दोन प्रकारांपैकी एक किंवा दोन्ही असतात : नालट्रेक्सोन, आणि एस्सिटॅलोप्रॅमसारखे एखादे नैराश्यावरचे औषध. घरच्यांच्या लेखी दोन्ही ‘जुगाराच्याच गोळ्या’ ठरतात. प्रत्यक्षात पहिली गोळी जुगाराच्या ओढीवर दिलेली असते, तर दुसरी जुगाराबरोबर आलेल्या किंवा त्याच्याही आधीपासून असलेल्या आजारावर. हा फरक लक्षात आला नाही, तर औषध लागू पडते आहे की नाही हे चुकीच्या मापाने जोखले जाते आणि नको ती गोळी नको त्या वेळी बंद केली जाते.

लोकांच्या मनातली ‘दारूची गोळी’ म्हणजे बहुतेक वेळा डायसल्फिराम. ती घेतल्यावर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, आणि या त्रासाच्या धास्तीने माणूस दारू टाळतो. (ती जेवणातून गुपचूप देण्याचा प्रकार आजही कानावर येतो. तो जिवावर बेतू शकतो.) जुगारासाठी अशी गोळी असणेच शक्य नाही, कारण डाव लावताना शरीरात असे काहीच जात नाही, ज्याच्याशी औषधाची प्रतिक्रिया होईल.

नालट्रेक्सोनचे काम वेगळे आहे. मेंदू स्वतःच अफूसदृश रसायने तयार करतो, आणि जिंकण्याच्या किंवा ‘थोडक्यात हुकले’ अशा क्षणी जी झिंग चढते, तिच्यात या रसायनांचा वाटा असतो. ही रसायने मेंदूतील पेशींवरच्या ज्या ठरावीक जागांना (ग्राहींना) चिकटतात, त्या जागा नालट्रेक्सोन अडवून धरते. त्यामुळे सुखाची ओढ लावणाऱ्या डोपामिन या मेंदूतील रसायनाची उसळी सौम्य होते, आणि डाव लावण्याची तलफ तितकीशी अनावर राहत नाही, अशी या उपचारामागची धारणा आहे. अमेरिकेत या औषधाला 1984 साली अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी आणि 1994 साली दारूच्या व्यसनासाठी मंजुरी मिळाली. जुगाराच्या विकारासाठी म्हणून मात्र तिथल्या औषध नियंत्रकाने ना याला मंजुरी दिली आहे, ना दुसऱ्या कोणत्या औषधाला. डॉक्टर ते देतात ते मूळ मंजुरीच्या पलीकडचा, पण अभ्यासांचा थोडाफार आधार असलेला वापर म्हणून.

हा आधार किती भक्कम आहे, याबद्दल प्रामाणिक असायला हवे. 2001 साली अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत नालट्रेक्सोन घेणाऱ्यांची ओढ निष्क्रिय (तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाली, आणि 2008 साली झालेल्या दुसऱ्या चाचणीचा कौलही तसाच होता. उलट, ओढ लागेल तेव्हाच गोळी घ्यावी, या पद्धतीने फिनलंडमध्ये केलेल्या चाचणीत नालट्रेक्सोन आणि निष्क्रिय गोळी यांत फरक दिसला नाही. जुगाराच्या चाचण्यांत निष्क्रिय गोळीनेही पुष्कळांना बरे वाटते, ही तर या क्षेत्रातली जुनी अडचण आहे. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2022 सालच्या आढाव्याने 17 चाचण्या तपासल्या. त्यांत नालट्रेक्सोनच्या गटातील औषधांचा उपयोग दिसला, पण पुराव्याची खात्री कमी असल्याचेही त्याने नोंदवले. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने जानेवारी 2025 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात नालट्रेक्सोनला स्थान आहे, परंतु मानसोपचाराने पुरेसा फायदा न झाल्यास विचारात घेण्याचा पर्याय म्हणून. मला हा क्रम रास्त वाटतो. ‘इतक्यांदा हरलो, आता तरी नंबर लागणारच’ हा समज कोणत्याही गोळीने जात नाही. तो खोडून काढावा लागतो ते समुपदेशनात, आणि तेही पुन्हा पुन्हा. दारूच्या व्यसनाचा कौटुंबिक इतिहास असलेल्या रुग्णांना या गटातील औषधे अधिक लागू पडतात, असे मात्र अभ्यासांत आढळले आहे. म्हणूनच डॉक्टर ‘वडील दारू पीत होते का?’ असे विचारतात तेव्हा तो प्रश्न अवांतर नसतो.

आता दुसरी गोळी. एस्सिटॅलोप्रॅम, पॅरॉक्सेटिन, फ्लुवोक्सामाइन ही सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाशी संबंधित औषधे थेट जुगारावरही तपासून झाली आहेत. 1980 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने हा विकार आपल्या यादीत घेतला तो आवेगनियंत्रणाचा दोष म्हणून, आणि आवेगाचा संबंध सेरोटोनिनशी जोडला जात असल्याने या औषधांकडून आशा होती. पॅरॉक्सेटिनची पहिली छोटी चाचणी यशस्वी ठरली, पण त्यानंतर अनेक केंद्रांवर झालेल्या चाचणीत तिचा प्रभाव टिकला नाही. कॉक्रेन आढाव्यातही जुगाराच्या तीव्रतेवर नैराश्यविरोधी औषधे निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. 2013 साली त्याच संघटनेने हा विकार व्यसनांच्या गटात हलवला.

मग ही गोळी चिठ्ठीवर कशासाठी? कारण जुगाराच्या आहारी गेलेल्यांपैकी अनेकांना नैराश्य किंवा चिंताविकार असतो आणि त्यांच्यात आत्महत्येचा धोकाही वाढलेला असतो. माणूस दुःख विसरण्यासाठी डाव लावतो, हरल्यावर दुःख वाढते, आणि ते विसरण्यासाठी पुन्हा डाव लावतो. अशा वेळी नैराश्यावरचा उपचार जुगार ‘सोडवत’ नसला तरी त्या माणसाला समुपदेशनाला बसण्याइतके उभे करतो. माझ्या मते कित्येक घरांत हीच गोळी अधिक तातडीची असते, जरी तिच्याकडे ‘नुसती झोपेची गोळी’ म्हणून पाहिले जात असले तरी. (जीव नकोसा झाल्याचे बोलणे निघत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. टेलिमानस ही सरकारी मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर चालते.)

याच ठिकाणी एक धोकाही आहे. कधी कधी बेफाम जुगार हा बायपोलर आजारातील उन्मादाचा भाग असतो : झोप नको, डोक्यात योजनांचा पूर, खिशात नसलेले पैसेही खर्च. एरवी सरळमार्गी असलेला माणूस अशा टप्प्यातच तेवढा डाव लावत असेल, तर त्याला जुगाराचा विकार म्हणत नाहीत. अशा रुग्णाला नुसते नैराश्यविरोधी औषध दिले तर उन्माद भडकू शकतो. तिथे मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियमसारखे औषध लागते. बायपोलर गटातील जुगाऱ्यांवर झालेल्या 2005 सालच्या एका छोट्या चाचणीत लिथियमने जुगारही कमी झाला होता. जुगार केव्हा सुरू झाला आणि तेव्हा झोप कशी होती, हे डॉक्टरांना सांगणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

साठीनंतर अचानक लॉटरीच्या मागे लागलेल्या माणसाच्या बाबतीत तर नवी गोळी देण्याआधी चालू गोळ्या पाहाव्यात. कंपवातावर (पार्किन्सन्सवर) दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या औषधांनी काहींना जुगाराची अनावर ओढ लागते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या, 3,090 रुग्णांच्या एका अभ्यासात सुमारे 5 टक्के कंपवाताच्या रुग्णांत ती आढळली. अ‍ॅरिपिप्राझोल या मानसिक आजारांवरच्या औषधाबाबतही अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने 2016 साली असाच इशारा दिला. अशा वेळी औषधाची मात्रा बदलणे हाच उपचार असतो, पण तो डॉक्टरांनी करायचा.

दोन्ही गोळ्यांचे मोजमापही वेगळे आहे. नालट्रेक्सोनचा उपयोग पाहायचा तो दिवसातून किती वेळा तलफ आली, किती वेळ टिकली आणि किती पैसे गेले यांवर. नैराश्याच्या औषधाचा पाहायचा तो झोप, भूक, उत्साह यांवर, आणि तेही काही आठवडे गेल्यावर. पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः रुग्ण तरुण असेल तर, घरच्यांनी त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते. नालट्रेक्सोनने मळमळ होऊ शकते, यकृताची तपासणी करावी लागते, आणि ट्रामाडॉल किंवा कोडीनसारखी औषधे चालू असतील तर ते घेता येत नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञाला त्याची कल्पना द्यावी लागते, कारण मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांचा परिणाम ते अडवते. त्याची सवय लागत नाही, आणि ते थांबवताना मात्रा हळूहळू उतरवण्याची गरज सहसा नसते. एस्सिटॅलोप्रॅम किंवा पॅरॉक्सेटिन एकदम बंद केले, तर मात्र चक्कर, चिडचिड, विजेचा झटका बसल्यासारख्या संवेदना असा त्रास होऊ शकतो. ‘महिनाभर डाव लावला नाही, आता गोळ्या कशाला?’ असे म्हणून दोन्ही पाकिटे एकाच दिवशी कपाटात टाकणाऱ्या रुग्णाला हा त्रास होतो तो दुसऱ्या गोळीमुळे, आणि घरात समज होतो की जुगाराची तलफ परत आली.