फाटा (ग्रामीण दळणवळण)

हमरस्त्यावरून गावाची वाट जिथे फुटते, ती जागा म्हणजे फाटा. सोलापूर भागात तिला ‘पाटी’ही म्हणतात, गावाच्या नावाची पाटी तिथेच रोवलेली असते. लहान गाव तालुक्याला किती जवळ, हे खरे ठरते ते फाट्यापासून गावठाणापर्यंतच्या दोन-चार किलोमीटरांवर.

२०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ भरली. अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात तिघांतले दोघे खेड्यात राहतात. जनगणनेच्या ग्रामसूचीत प्रत्येक गावापुढे एसटी, रेल्वे, पक्का रस्ता यांची नोंद असते. सोय गावात नसेल, तर ती पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, की दहाच्या पुढे, एवढेच नोंदवतात. साडेचार किलोमीटर म्हणजे कागदावर ‘पाचच्या आत’. एप्रिलच्या उन्हात कडेवर मूल आणि हातात बाजाराची पिशवी घेऊन निघालेल्या बाईला तीच वाट तासाभराहून जास्त पुरते.

त्यात गावची लोकसंख्या एका आकड्यात लिहिली, तरी माणसे एका जागी राहत नाहीत. सांगोला, माळशिरस, करमाळा या भागांत बरीच कुटुंबे विहीर आणि गुरे सांभाळत शेतातच राहतात. या वस्त्यांना आडनावावरून ओळखतात. शाळा, चावडी, रेशन दुकान गावठाणात. घर मात्र शिवारात. म्हणजे वस्तीवरच्या माणसाला आधी गाव गाठायचे आणि मग फाटा.

२५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत मैदानी भागासाठी २००१ च्या जनगणनेनुसार किमान ५०० लोकसंख्येची अट होती, आणि ५०० मीटरच्या अंतरातली घरे एकत्र धरली जात. या योजनेने अनेक गावे डांबरी रस्त्याला जोडली, हे मोठे काम आहे. पण दहा-बारा घरांची वस्ती या हिशेबात बसत नाही. तिच्या वाट्याला पाणंद, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट येते. मंगळवेढ्याकडची काळी माती ज्वारीला उत्तम, पण पावसात ती चाकाला धरून ठेवते. अशा वेळी बाळंतीण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून डांबरीपर्यंत आणावी लागते, तेव्हा कुठे १०८ ची गाडी मिळते.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. ‘गाव तिथे एसटी’ हे ब्रीद खेड्यात खरे केले ते मुक्कामी गाडीने. संध्याकाळी येऊन रात्री गावात थांबणारी आणि सकाळी कॉलेजची पोरे, कोर्टाच्या तारखेची माणसे घेऊन तालुक्याला जाणारी ही गाडी. ती बंद पडली की सगळे गाव फाट्यावर येते. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. उरते ते वडाप, म्हणजे माणसे भरून नेणारी खासगी जीप. मुलींचा मोफत पास आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना मिळणारे अर्धे तिकीट एसटीत चालते, वडापात नाही. सवलतीची सर्वाधिक गरज जिथे आहे, तिथेच ती पोचत नाही, ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव होय.

पावसाळ्यात सकाळी सातला फाट्यावर उभे राहिले की हे दिसते. दुधाचे कॅन टेम्पोत चढत असतात, लिंबाखाली मोटारसायकली लावलेल्या असतात. वस्तीवरच्या मुली चिखलातून अनवाणी आलेल्या असतात. चहाच्या टपरीजवळच्या टाकीवर पाय धुतात आणि पिशवीतले बूट काढून घालतात.

करमाळा तालुक्यात उजनी जलाशयाच्या काठच्या गावांचा फाटा पाण्यावर आहे. समोरचा इंदापूर तालुका डोळ्यांना दिसतो, पण रस्त्याने मोठा वळसा पडतो. म्हणून माणसे होडीने जातात, दुचाकीही होडीतच चढवतात. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला निघालेली अशीच एक होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले.