वाढत्या अंगाची बॅट

शाळेचा गणवेश शिवायला टाकताना आई शिंप्याला न चुकता सांगायची, ‘वाढत्या अंगाचा ठेवा हो.’ बाह्या दुमडून घेतल्या की दोन वर्षं सहज निघायची. इथे न्यू जर्सीत मुलासाठी पहिली बेसबॉलची बॅट घेताना माझ्या डोक्यात तेच होतं. तो नऊ वर्षांचा, उंची सव्वाचार फूट. दुकानातल्या मुलीने 27 इंची बॅट पुढे केली, मी 30 इंची उचलली. पुढची दोन वर्षं बघायला नको! एकीचं वजन 17 औंस, दुसरीचं 20. फरक 85 ग्रॅमचा, म्हणजे एका मध्यम कांद्याएवढा. कांद्याने काय बिघडणार?

पहिले तीन आठवडे त्याचे जवळजवळ सगळे फटके उजवीकडे, पहिल्या बेसच्या रेषेबाहेर, म्हणजे ‘फाउल’ जात राहिले. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलाचा चेंडू सारखा त्याच बाजूला जात असेल, तर बहुतेक वेळा बॅट उशिरा पोचत असते. मी त्याला ‘लवकर फिरव’ म्हणून ओरडत होतो. चूक त्याची नव्हती, मी घेतलेल्या बॅटची होती.

लिटल लीगमध्ये, म्हणजे इथल्या मुलांच्या बेसबॉल स्पर्धांत, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना पिचर (चेंडू टाकणारा) 46 फुटांवरून चेंडू टाकतो. हे झाले 14 मीटर. ताशी 80 किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर सुमारे 0.6 सेकंदात कापतो. एवढ्यात चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं आणि बॅट फिरवायची. आता समजा, बॅट जड असल्यामुळे ती फिरायला सेकंदाचे पाच शतांश जास्त लागले. तेवढ्या वेळात चेंडू 1.1 मीटर पुढे येतो. म्हणजे मुलाला निर्णय घेण्याआधी चेंडू मीटरभर कमी बघायला मिळतो. मोठ्या बॅटने मुलाचे हात दमतात ही चिंता आपण करतो, पण त्याहून मोठं नुकसान हे आहे. त्याला अर्धवट बघितलेल्या चेंडूवर बॅट घालावी लागते.

पण 85 ग्रॅमने एवढं होतं? होतं, कारण फिरणाऱ्या वस्तूचा जडपणा नुसत्या वजनावर ठरत नाही. घरातली हातोडी दांड्याच्या टोकाला धरून हवेत फिरवून बघा, मग उलटी करून लोखंडी डोक्याकडून धरून फिरवा. वजन तेच, पण दुसऱ्या वेळी ती काडीसारखी फिरते. वस्तुमान फिरण्याच्या केंद्रापासून किती लांब आहे, त्या अंतराचा वर्ग इथे मोजावा लागतो. हातांपासून 15 सेंटिमीटरवर असलेले 30 ग्रॅम उचलून 60 सेंटिमीटरवर नेले, तर काट्यावर काहीच बदलत नाही, पण फिरवताना तेच 30 ग्रॅम सोळापट जड होतात. भौतिकशास्त्रात याला जडत्व आघूर्ण म्हणतात, बॅटवाले ‘स्विंग वेट’ म्हणतात.

दुकानातल्या त्या दोन बॅटींचा हिशेब मी नंतर मांडला. आकार सारखाच धरला, तर वजन 18 टक्क्यांनी वाढलं, पण लांबी वाढल्यामुळे मुठीपासून मोजलेला फिरवण्याचा जडपणा तब्बल 45 टक्क्यांनी वाढला. कांदा होता, पण तो काठीच्या लांबच्या टोकाला बांधलेला होता.

अ‍ॅलन नॅथन हे अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ बेसबॉलवरच्या कामासाठी ओळखले जातात. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॉफ्टबॉल (बेसबॉलचाच भाऊबंद) खेळाडूंच्या हातात दोन प्रकारच्या बॅटी दिल्या. काहींचं वजन सारखं पण स्विंग वेट वेगवेगळं, तर काहींचं स्विंग वेट सारखं पण वजन वेगवेगळं. खेळाडूंचा बॅट फिरवण्याचा वेग बदलला तो स्विंग वेटबरोबर. नुसत्या वजनाने फारसा फरक पडला नाही.

दुकानात मात्र बॅटवर हा आकडा सहसा नसतो. तिथे लिहिलेला असतो ‘ड्रॉप’, म्हणजे इंचांतल्या लांबीतून औंसांतलं वजन वजा करून येणारा आकडा. त्या दोन्ही बॅटींचा ड्रॉप 10 होता. म्हणजे त्या आकड्यावरून दोघींत फरकच दिसत नव्हता! म्हणून एकाच लांबीच्या, एकाच ड्रॉपच्या दोन बॅटी असल्या तरी दोन्ही मुलाच्या हातात देऊन फिरवायला लावा. एक टोकाला जड असेल, एक नसेल, आणि ते त्याला लगेच कळतं.

‘जड बॅटने चेंडू लांब जातो’ यातही थोडं तथ्य आहे. चांगल्या लाकडी बॅटच्या स्वीट स्पॉटवर, म्हणजे फटका सर्वांत जोरात बसतो त्या जागेवर, चेंडू बसला, तर परतीचा वेग साधारण असा निघतो: येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा पाचवा भाग, अधिक बॅटच्या वेगाची 1.2 पट. चेंडू ताशी 70 मैलांनी आला, बॅट 60 ने भेटली, तर 14 अधिक 72, म्हणजे 86. या बेरजेत बॅटचा वेग चेंडूच्या वेगाच्या सहापट मोलाचा आहे. बॅट फारच हलकी केली तर तो पाचवा भाग घटतो, चेंडूच बॅटला मागे रेटतो, म्हणून अगदी काडीसारखी बॅटही नको. शंभर वर्षांपूर्वीचा गाजलेला फटकेबाज बेब रूथ चाळीस औंसांहून जड बॅट वापरायचा. आजचे व्यावसायिक खेळाडू 32 औंसांच्या आसपास थांबतात.

मग माप कसं घ्यायचं? एक सर्रास सांगितली जाणारी रीत अशी: बॅटची मूठ छातीच्या मध्यावर टेकवा, हात बाजूला पसरून बॅट हाताच्या रेषेत धरा, बोटं टोकापर्यंत पोचली तर लांबी ठीक. पण पसरलेल्या दोन्ही हातांचं माप साधारण उंचीएवढं भरतं. सव्वाचार फुटांच्या मुलाचं निम्मं माप येतं साडेपंचवीस इंच, आणि दुकानातले तक्ते त्याला याहून लांब बॅट सांगतात. या दोन मापांच्या मध्येच त्याची बॅट असते, आणि शंका असेल तर मी आखूडच घेईन. दुसरी रीत म्हणजे एका हाताने बॅट बाजूला आडवी धरून 20-30 सेकंद उभं राहणं. ही परीक्षा वजन गुणिले अंतर एवढंच मोजते, वर्ग नाही, तरी हात खाली यायला लागला तर ती बॅट नकोच.

बॅटवर ‘यूएसए बेसबॉल’ या राष्ट्रीय संघटनेचा शिक्का आहे का तेही बघा. 2018 पासून लिटल लीगच्या मुलांच्या धातूच्या बॅटींवर तो लागतो. पातळ धातूचा पत्रा ट्रॅम्पोलिनसारखा चेंडू उडवतो, आणि तो उसळा लाकडाच्या आसपास ठेवणं हा त्या नियमाचा हेतू आहे.

बॅट घेऊन झाली असेल आणि मोठी वाटत असेल, तर हात मुठीपासून दोन बोटं वर सरकवा. हातांपुढची लांबी कमी होते आणि वर्गाचा नियम आता मुलाच्या बाजूने काम करतो. 2001 मध्ये एका मोसमात 73 होमरन (बेसबॉलमधले षटकारच म्हणा) मारणारा बॅरी बॉन्ड्स हात असेच वर धरायचा, हे मी मुलाला दाखवलं तेव्हा कुठे तो तयार झाला.

त्या वर्षी आम्ही हँडलवर निळी टेप चिकटवून त्याच्या हातांची जागा ठरवली, आणि महिन्याभरात चेंडू पिचरच्या डोक्यावरून जायला लागले. पुढच्या मार्चमध्ये मात्र 28 इंची आणली. त्याने दुकानातच तीन बॅटी फिरवून बघितल्या आणि तिसरी परत दिली, ‘बाबा, हिचं डोकं जड आहे.’