किलोम्बोच्या जमिनीचा सामूहिक पट्टा : ब्राझीलमध्ये अर्ज कोण करू शकतं आणि कसा

ब्राझीलमधली गुलामगिरी संपवणारा 13 मे 1888 चा कायदा दोन कलमांचा होता. जमिनीचा त्यात उल्लेखही नव्हता. त्याआधी 1850 च्या जमीन कायद्याने सरकारी जमीन फक्त विकतच घेता येईल असं ठरवून टाकलं होतं. त्यामुळे सुटलेल्या माणसांकडे पैसा नव्हता, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या रानाचा कागदही नव्हता. बरोबर शंभर वर्षांनी, 1988 च्या राज्यघटनेतल्या संक्रमणकालीन तरतुदींच्या कलम 68 ने ही जमीन किलोम्बो, म्हणजे गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांच्या वस्त्या, यांच्या वंशजांची कायमची मालकी मानली. सध्याची अर्जपद्धत 20 नोव्हेंबर 2003 च्या आदेश क्र. 4887 वर चालते. 1695 मध्ये याच तारखेला पाल्मारेस या मोठ्या किलोम्बोचा पुढारी झुंबी मारला गेला होता.

पात्रता

किलोम्बो म्हणजे पळून गेलेल्या गुलामांची रानातली वस्ती, हा अर्थ वसाहतीच्या काळातल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांचा. 1740 मध्ये त्यांनी तर पाचाहून जास्त पळालेले काळे लोक एकत्र राहिले की किलोम्बो, अशी व्याख्याच केली होती. आजची व्याख्या खूप मोठी आहे. मालकाने मृत्युपत्रात ठेवलेली जमीन, मळा बुडाल्यावर मालक सोडून गेलेली, चर्चच्या संघाने टाकून दिलेली, पै-पै जमवून विकत घेतलेली, सगळी यात येते. मारान्याँव राज्यात अशा वस्त्यांना ‘काळ्यांची जमीन’, ‘संताची जमीन’ अशी नावं आहेत.

मुख्य अट म्हणजे समुदायाने स्वतःला किलोम्बोला, म्हणजे किलोम्बोतले लोक, म्हणवणं. याआधीच्या 2001 च्या आदेशात 1888 मध्ये आणि पुन्हा 5 ऑक्टोबर 1988 ला त्याच जमिनीवर ताबा असल्याची अट होती. ज्यांना लिहू दिलं नाही त्यांच्याकडेच शंभर वर्षांचा पुरावा मागायचा, असला हा प्रकार! 2003 चा आदेश रद्द व्हावा म्हणून एक राजकीय पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 8 फेब्रुवारी 2018 ला न्यायालयाने आदेश कायम ठेवला.

एकट्या कुटुंबाच्या नावे मात्र पट्टा, म्हणजे मालकीचा कागद, निघत नाही. पट्टा निघतो तो अख्ख्या समुदायाच्या संस्थेच्या नावे.

पहिला कागद : पाल्मारेस प्रतिष्ठानचं प्रमाणपत्र

हे सांस्कृतिक प्रतिष्ठान केंद्र सरकारचं आहे, आणि समुदाय किलोम्बोला असल्याचं प्रमाणपत्र तेच देतं. त्याच्याकडे द्यायची कागदपत्रं थोडीच आहेत :

– फक्त याच विषयासाठी बोलावलेल्या सभेचं इतिवृत्त, बहुमताच्या ठरावासह
– हजर असलेल्यांची सह्यांसह यादी
– समुदायाचा थोडक्यात इतिहास
– प्रतिष्ठानच्या अध्यक्षांच्या नावे विनंतीअर्ज
– असतील तर फोटो, बातम्या, अभ्यास

इतिहासाच्या टिपणात कोण कुठून आलं, दफनभूमी कुठे आहे, कोणत्या ओढ्याला काय म्हणतात, हे म्हाताऱ्यांना विचारून लिहावं. पुढे मानववंशशास्त्रज्ञ येऊन तेच विचारतो.

पुढचा टप्पा : इन्क्रा

पट्ट्याचं काम इन्क्रा या केंद्रीय जमीन संस्थेकडे आहे. अर्ज तोंडी सांगितला तरी चालतो. तिथला कर्मचारी तो लिहून घेतो. मग इन्क्राचं पथक हद्द ठरवणारा तांत्रिक अहवाल तयार करतं. त्यात मानववंशशास्त्रीय अहवाल, मोजणी, नकाशा, कुटुंबांची नोंद आणि त्या जमिनीवर आणखी कोणाकोणाचे कागद आहेत याची छाननी असते. अहवाल राजपत्रात छापून आला की हरकतींसाठी 90 दिवस मिळतात. हरकती निकालात निघाल्यावर इन्क्राचे अध्यक्ष मान्यतेचा आदेश काढतात.

खरी गाडी अडते ती यानंतर. हद्दीत कोणाची वैध खासगी मालकी असेल तर राष्ट्राध्यक्षांचा भूसंपादन आदेश लागतो, आणि मालकाला भरपाई द्यायला अंदाजपत्रकात पैसा लागतो. प्रमाणपत्रं तीन हजारांहून जास्त समुदायांना मिळाली आहेत. पण 2022 च्या जनगणनेत मोजलेल्या 13,27,802 किलोम्बोला लोकांपैकी अंतिम पट्टा मिळालेल्या प्रदेशात राहणारे जेमतेम 4.3 टक्के निघाले. जमीन राज्य सरकारची असेल तर राज्याच्या जमीन संस्थेकडेही जाता येतं. पारामध्ये इतेर्पा, साव पावलूमध्ये इतेस्प.

पट्टा हातात आल्यावर

नोंदणीला समुदायाला खर्च येत नाही. ही जमीन विकता येत नाही, वाटून घेता येत नाही, तिच्यावर जप्तीही येत नाही. अर्थात ती तारण ठेवून बँकेचं कर्जही मिळत नाही, हे सभेत आधीच सगळ्यांच्या कानावर घालावं. पहिला पट्टा 1995 मध्ये पारा राज्यातल्या ओरिशिमिनाजवळच्या बोआ व्हिस्ता समुदायाला मिळाला.

पट्टा येईपर्यंत प्रमाणपत्र जपून ठेवा आणि त्याच्या प्रती गावातल्या मुलांकडे द्या. केंद्रीय विद्यापीठात शिकणाऱ्या किलोम्बोला विद्यार्थ्यांसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे, आणि तिथे समुदायाच्या प्रमाणपत्राचा उपयोग होतो.